कोन, करवत आणि बोटे : सरकत्या मायटर सॉची अडीच शतकांची कथा

१/ थ्रेड
घरातल्या एखाद्या तसबिरीच्या चौकटीचा कोपरा जवळ जाऊन पाहा. दोन पट्ट्या तिरक्या रेषेवर जिथे भेटतात, तिथे बारीकशी फट दिसते का? ही फट बुजवण्याच्या खटाटोपातून एक यंत्र घडत गेले. इंटिरियरचे काम चालू असलेल्या कोणत्याही इमारतीत आज त्याचा कर्कश आवाज ऐकू येतो. त्याचे नाव स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ. हे यंत्र कसे घडले आणि ते नीट लावून, बोटे शाबूत ठेवून कसे चालवावे, या दोन्ही गोष्टी या थ्रेडमध्ये एकत्र पाहू. त्या वेगळ्या करताच येत नाहीत, हेच या थ्रेडचे सांगणे आहे.

२/ आधी गणित समजून घेऊ. चौकटीचा कोपरा ९० अंशांचा असतो, म्हणून प्रत्येक पट्टीचे टोक ४५ अंशांत कापावे लागते. अशा तिरक्या सांध्याला इंग्रजीत ‘मायटर’ म्हणतात. ख्रिस्ती बिशपच्या टोकदार टोपीलाही हाच शब्द आहे. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप केवळ अर्ध्या अंशाने कमी पडला, तर चारही कोपऱ्यांची मिळून चूक ४ अंशांची होते. तीन कोपरे घट्ट जुळवले की सगळी चूक चौथ्यात साठते, आणि ५० मिलीमीटर रुंदीच्या पट्टीत तिथे जवळजवळ ५ मिलीमीटरची फट पडते. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, पण फट मात्र सगळ्यांना दिसते.

३/ जुन्या सुतारांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. तीन बाजूंची, वरून उघडी लाकडी पेटी घ्यायची, तिच्या दोन्ही भिंतींत ४५ अंशांच्या खाचा पाडायच्या आणि त्या खाचांतून करवत चालवायची. हीच मायटर पेटी. एकोणिसाव्या शतकात तिला लोखंडी बैठक, करवतीला मार्गदर्शक दांडे आणि कोनांच्या खुणा आल्या. आजच्या यंत्रातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ इथे सापडते. लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी, ठरावीक कोनावर अडकणारी खाच आणि हाताला भरकटू न देणारा मार्ग, हे सगळे त्या पेटीत होते. तिच्यात वेगाला मात्र जागा नव्हती.

४/ वेगाची गरज वेगळ्या ठिकाणी होती. मोठे ओंडके चिरण्यासाठी युरोपात खड्डा खणत. एक माणूस वर उभा राही, दुसरा खड्ड्यात, आणि लांब करवत वरखाली ओढली जाई. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडत असे. हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने १५९४ च्या सुमारास पवनचक्कीवर चालणारी करवत गिरणी उभारली. इंग्लंडमध्ये मात्र अशा गिरणीला करवतकाम करणाऱ्यांचा कडवा विरोध झाला. लंडनच्या लाइमहाउस भागातली चार्ल्स डिंग्ली याची पवनचक्कीवरची गिरणी मे १७६८ मध्ये संतप्त कामगारांनी मोडून टाकली. त्यांना भीती होती ती पोटाची. बोटांचा प्रश्न अजून पुढे यायचा होता.

५/ या सगळ्या करवती सरळ पात्याच्या होत्या आणि वरखाली चालत. डिंग्लीच्या गिरणीनंतर नऊ वर्षांनी, १७७७ मध्ये, साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने करवत यंत्राचे पेटंट घेतले. त्यात पाते गोल असल्याचा उल्लेख आहे. समाजमाध्यमांवर एक गोष्ट वारंवार फिरते, ती अशी की गोल करवतीचा शोध १८१३ मध्ये अमेरिकेतल्या शेकर पंथीय टॅबिथा बॅबिट या स्त्रीने चरख्याकडे पाहून लावला. गोष्ट मनोहर आहे, पण मिलरचे पेटंट तिच्याआधी ३६ वर्षांचे आहे. तेव्हा ‘पहिला शोध’ म्हणून ती पुढे पाठवण्याआधी थांबा.

६/ गोल करवतीला मोठे काम मिळाले ते इंग्लंडच्या नौदलात. शिडाच्या युद्धनौकेवर दोर ओढण्यासाठी शेकडो लाकडी कप्प्या लागत. साउदॅम्प्टनचे टेलर घराणे त्या नौदलाला पुरवत असे आणि त्यांच्या कारखान्यात गोल करवती वापरात होत्या. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेली आणि हेन्री मॉडस्ली याने घडवलेली यंत्रे बसली. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. जे काम ११० कुशल कारागीर करत, ते १० अकुशल माणसे करू लागली, असे तेव्हाचे हिशोब सांगतात.

७/ इथे जरा थांबू, कारण हाताच्या दृष्टीने मोठा बदल इथेच झाला. हाताची करवत हात थांबला की थांबते. तिचा वेग हा हाताचाच वेग असतो. गोल पात्याचे तसे नाही. ते स्वतःच्या वेगाने फिरत राहते आणि माणूस फक्त लाकूड पुढे करतो. वर दहा अकुशल माणसांचा उल्लेख आला, तो पुन्हा वाचा. लाकडाचा रेषा कुठे वळतो, गाठ कुठे आहे, ताण कुठे दडला आहे, हे वर्षानुवर्षे शिकलेले हात बाजूला गेले आणि न शिकलेले हात पात्याजवळ आले. ते ज्ञान आता माणसात नव्हते. ते यंत्रात घालायला हवे होते, आणि तसे घालायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

८/ गोल पात्याचा सगळ्यात धोकादायक गुण कोणता? लाकडात वाळताना ताण साठतो. फळी चिरली जाताना तो मोकळा होतो आणि कधीकधी चीर मागून मिटू लागते, पात्याला चिमटा बसतो. टेबलावरच्या करवतीत पात्याच्या मागच्या बाजूचे दाते खालून वर येत असतात. ते चिमटलेले लाकूड उचलतात आणि चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. लाकूड झटक्यात निसटते आणि ते दाबून धरणारा हात पात्यावर जातो. यावर उपाय म्हणून पात्याच्या मागे, चिरेतच राहणारी एक पोलादी पट्टी बसवली गेली. तिचे नाव रायव्हिंग नाइफ. ती चीर मिटू देत नाही.

९/ अशी साधी पट्टी सक्तीची व्हायला मात्र वेळ लागला. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. त्याविरुद्ध गिरणीमालकांनी १८५५ मध्ये चक्क संघटना उभारली. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, असे त्या काळातल्या मालकवर्गाचे ठरलेले उत्तर असे. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम ब्रिटनमध्ये आले ते १९२२ मध्ये. गोल करवतीला वरून आवरण आणि मागे रायव्हिंग नाइफ हवी, हे त्यांत आले. मिलरच्या पेटंटपासून मोजले तर १४५ वर्षे झाली होती.

१०/ हा वाद मुंबईतही झाला. इथल्या कापड गिरण्यांची संख्या वाढत गेली तसा १८८१ चा हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. मुलांच्या कामाचे तास त्याने ठरवले आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही केली. मात्र जखमी झालेल्या कामगाराच्या चुलीचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. हा प्रश्न ठामपणे मांडला तो महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

११/ सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तिच्याच शेजारी दुसरी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो कायमचा जायबंदी झाला त्याच्या निर्वाहाची सोय करावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. दुखापतीच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. लोखंडे तोवर हयात नव्हते.

१२/ १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के घटली असे मानावे, याचा तो तक्ता. पुढे सुधारलेल्या तक्त्यात अंगठ्यासाठी ३० टक्के, पूर्ण तर्जनीसाठी १४, पूर्ण मधल्या बोटासाठी १२ आणि पूर्ण अनामिका किंवा करंगळीसाठी ७ टक्के असे आकडे आहेत. कायद्याची भाषा कोरडी असते, पण या तक्त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या हातावरून लिहिलेली आहे. पुढे यंत्रावरच्या प्रत्येक स्क्रूबद्दल वाचताना हा तक्ता लक्षात असू द्या.

१३/ आता अमेरिकेकडे वळू. १९२२ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या लाकूड गिरणीचे व्यवस्थापन पाहणारा रेमंड डिवॉल्ट एका वेगळ्या रचनेवर काम करत होता. लाकूड पात्याकडे नेण्याऐवजी पातेच लाकडाकडे नेले तर? त्याने मोटर आणि गोल पाते एका आडव्या भुजेखाली टांगले. भुजा फिरवली की मायटर, पाते कलवले की तिरपा काप. ही रेडियल आर्म सॉ. १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिओला इथे त्याची कंपनी सुरू झाली. आजच्या सरकत्या मायटर सॉची ही खरी आजी. लाकूड स्थिर आणि पाते चल, ही कल्पना तिचीच.

१४/ आजीत एक खोड होती. रेडियल आर्म सॉमध्ये काप घेताना पाते स्वतःकडे ओढावे लागे. पात्याचे खालचे दाते मागच्या पट्टीच्या दिशेने जातात, म्हणजे ते लाकडाला मागे रेटतात. लाकूड पट्टीला टेकलेले असल्याने हलत नाही, मग उलट धक्का पात्यालाच बसतो आणि पाते चालवणाऱ्याकडे झेपावते. आपण ओढतो आहोत त्याच दिशेने ते स्वतःहून धावते. हाताने ते ओढायचे नसून आवरायचे असते, हे ज्याला कळले नाही त्याच्या अंगावर यंत्र धावून येई. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे ती उलटी फिरणार आहे.

१५/ यंत्र हलके आणि अचूक होण्यासाठी आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. एक, हातात उचलता येणारी विजेची करवत. एडमंड मिशेल याच्या कल्पनेतून ती १९२४ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली आणि पुढे ‘स्किलसॉ’ या नावाने घरोघरी पोहोचली. दुसरी, दात्यांची धार. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२६ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडचा कठीण मिश्रधातू ‘विडिया’ या नावाने आणला. हे नाव हिऱ्यासारखा या अर्थाच्या जर्मन शब्दांपासून बनले आहे. आजही आपल्याकडे सुतार आणि दुकानदार कार्बाइडच्या पात्याला ‘विडियाचे पाते’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचे ते नाव बाजारपेठेत अजून जिवंत आहे.

१६/ १९६४ मध्ये अमेरिकेच्या रॉकवेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मायटर पेटीवर मोटर चढवली. पाते वरून खाली आणायचे, काप घ्यायचा, वर न्यायचे. फिरत्या बैठकीने मायटर कोन मिळे. पुढच्या यंत्रांत पाते बाजूला कलण्याची सोय झाली. दोन्ही कोन एकाच कापात मिळू लागले, म्हणून ‘कंपाउंड’. याची गरज कुठे? भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे बसवायच्या नक्षीदार पट्टीला. ३८ अंशांत कलून बसणारी अशी पट्टी टेबलावर आडवी ठेवून काटकोनी कोपऱ्यासाठी कापायची, तर मायटर ३१.६ आणि कल ३३.९ अंश लागतो. अनेक यंत्रांच्या पट्टीवर या दोन आकड्यांशी खास खूण असते. ती कशाची, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

१७/ उरला प्रश्न रुंदीचा. वरून खाली येणारे पाते रुंद फळी पूर्ण कापू शकत नाही. १९८० च्या दशकात यंत्राचे डोके दांड्यांवर मागेपुढे सरकवणारी यंत्रे पसरली आणि ‘स्लायडिंग’ हे विशेषण जोडले गेले. आणि इथे आजीची खोड दुरुस्त झाली. सरकत्या मायटर सॉमध्ये काप ओढताना घ्यायचा नसतो. डोके आधी पुढे ओढायचे, मग खाली आणायचे आणि मग मागे ढकलत कापायचे. आता पात्याचा धक्का आपल्या ढकलण्याच्या विरुद्ध असतो, म्हणून पाते पळत नाही, काबूत राहते. ‘ओढा, दाबा, ढकला’ या तीन शब्दांत साठ वर्षांचा धडा साठवलेला आहे.

१८/ आता यंत्र लावू. सगळ्यात पहिले काम म्हणजे प्लग काढणे. बटण बंद असणे पुरेसे नाही. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढा. मग एक विश्वासाचा गुण्या घ्या. गुण्याच वाकडा असेल तर पुढचे सगळे वाकडे होईल. त्याची परीक्षा सोपी आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारा, गुण्या उलटवून त्याच जागी पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा.

१९/ पहिली तपासणी पात्याच्या कलाची. कल शून्यावर आणा, डोके खाली करून अडकवा आणि गुण्या टेबल व पाते यांच्या कोपऱ्यात धरा. गुण्याची पट्टी पात्याच्या सपाट अंगाला टेकली पाहिजे. दाते पात्यापेक्षा जाड असतात, त्यांना टेकली तर माप चुकते. प्रकाश दिसला तर कलाचा शून्य ठरवणारा अडथळ्याचा स्क्रू फिरवून जुळवा. त्यानंतर ४५ अंशांचा अडथळाही तसाच तपासा. दर्शक काटा सगळ्यात शेवटी शून्यावर आणायचा. यंत्र काट्यानुसार लावायचे नसते, काटा यंत्रानुसार लावायचा असतो.

२०/ दुसरी तपासणी मागच्या उभ्या पट्टीची, म्हणजे फेन्सची. डावा आणि उजवा भाग एका सरळ रेषेत आहेत का, हे लांब सरळ पट्टी लावून पाहा. मग फेन्स आणि पाते यांत ९० अंश आहेत का ते गुण्याने पाहा. फरक असेल तर यंत्राच्या रचनेप्रमाणे फेन्सचे किंवा मायटर पट्टीचे स्क्रू सैल करून जुळवा. अर्ध्या अंशाची चूक ३०० मिलीमीटर रुंद फळीत सुमारे २.६ मिलीमीटर होते. आणि हा प्रश्न फक्त सुबकतेचा नाही. फेन्सचे दोन भाग एका रेषेत नसतील तर कापताना फळी डुगडुगते, चीर मिटते आणि पात्याला चिमटा बसतो.

२१/ तिसरी तपासणी दांड्यांची. डोके बाजूला हलवून पाहा, ढिलाई जाणवता कामा नये. पाते ज्या रेषेत सरकते तिला ते समांतर नसेल, तर मागचे दाते कापलेल्या कडेला घासतात. कडेवर जळाल्याचे डाग त्यातून येऊ शकतात. आता कसोटीचा काप. समांतर कडांची रुंद फळी मधोमध कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली टोके सरळ पट्टीला लावून जोडा. दिसणारी फट ही चुकीच्या दुप्पट असते. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही असे सुरुवातीला म्हटले होते. या युक्तीने तो दिसतो.

२२/ पात्याची निवडही इतिहासातूनच शिकलेली आहे. दाते पुढे झुकलेले असतील तर पाते लाकूड अधाशासारखे खेचते. सरकत्या मायटर सॉला दात्यांचा झुकाव कमी किंवा उलट दिशेचा असलेले पाते योग्य, कारण ते लाकडावर चढत नाही. बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त धोकादायक, कारण त्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. पात्यावरची कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. २५४ मिलीमीटरचे पाते मिनिटाला ४,५०० फेऱ्या घेत असेल, तर दात्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे २१५ किलोमीटर.

२३/ लाकूड कसे धरावे? टेबल आणि फेन्स दोन्हींना घट्ट टेकवून. फळी वाकलेली असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा, म्हणजे काप घेताना चीर मिटणार नाही. ढकलत कापताना दाते लाकडाला मागे आणि थोडे वरही रेटतात, म्हणून शक्य तिथे क्लॅम्प लावा. लांब फळीच्या टोकाला टेबलाच्या उंचीचा आधार द्या. तिथे मदतनिसाचा हात चालणार नाही. तुकडा इतका लहान असेल की हात पात्यापासून १५ सेंटीमीटरच्या आत येतो, तर तो हाताने धरायचाच नाही. आणि हातांची कात्री करून, म्हणजे डाव्या हाताने उजवीकडचे लाकूड धरून, कधीही कापू नका.

२४/ आता काप. डोके पुढे ओढा. बटण दाबून पाते पूर्ण वेगात येऊ द्या. सावकाश खाली आणा आणि एकसारख्या गतीने मागे ढकला. काप संपला की डोके खालीच ठेवून बटण सोडा, पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि मगच वर उचला. फिरते पाते वर उचलताना सुटा तुकडा दात्यांत अडकून उडतो. हे काही सेकंद कामाच्या गर्दीत फार लांब वाटतात. कापलेल्या तुकड्याच्या बाजूला अडथळा लावून त्याला कोंडू नका, त्याला सरकायला जागा हवी.

२५/ अंगावर काय असावे? डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, बारीक भुशासाठी मास्क. हातमोजे मात्र नकोत. फिरत्या पात्यात मोज्याचा धागा अडकला तर तो हातालाच आत ओढतो. सैल बाही, गळ्यातला गमछा, मनगटावरचा दोरा यांचेही तसेच. टेबलावरच्या करवतीसाठी अमेरिकेच्या स्टीफन गॅस याने त्वचेचा स्पर्श ओळखून पाते क्षणार्धात थांबवणारी यंत्रणा आणली आणि २००४ पासून ती विक्रीस आली. तुमच्या मायटर सॉमध्ये ती असेल असे धरून चालू नका. तिथे तुमची शिस्त हीच यंत्रणा.

२६/ शेवटची गोष्ट त्या प्लास्टिकच्या पारदर्शक आवरणाची. पाते खाली येताना ते आपोआप मागे सरते आणि वर जाताना पुन्हा पाते झाकते. साइटवर ते तारेने बांधून ठेवलेले किंवा काढून टाकलेले अनेकदा दिसते. ‘त्याने काप दिसत नाही’, ‘काम अडते’ ही कारणे असतात. धूळ बसून ते काळवंडलेले असेल तर पुसायचे असते, स्प्रिंग अडकत असेल तर दुरुस्त करायची असते. १८५५ मध्ये कुंपण नको म्हणणारे मालक होते. आज ते काढणारा हात बहुतेकदा कामगाराचाच असतो, कारण त्याला दिवसाचे काम पुरे करायचे असते. म्हणून दोष एकट्या हातावर टाकण्याआधी कामाची घाई कुणी ठरवली, हेही विचारावे.

२७/ भारतातल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना कुंपण घालणे ही कारखान्याच्या चालकाची जबाबदारी ठरवली. पण फ्लॅटच्या हॉलमध्ये जमिनीवर मांडलेल्या यंत्रापर्यंत कारखान्याचा कायदा सहसा पोहोचत नाही. तिथे असतो एक सुतार, त्याचा हाताखालचा पोरगा आणि घाईत असलेला घरमालक. तुमच्या घरी असे काम निघाले, तर त्या आवरणाकडे एकदा पाहा. ते बांधलेले असेल तर प्रेमाने सांगा, ‘काका, सोडा ते. उशीर झाला तरी चालेल.’

२८/ परळच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांना मायटर सॉ ठाऊक नव्हती. त्यांनी मागितले ते एवढेच, की यंत्राने माणूस मोडला तर त्याला वाऱ्यावर सोडू नये. त्यानंतरच्या काळात यंत्रच असे घडत गेले की माणूस मोडूच नये. बरोबर जुळवलेली फेन्स, योग्य पाते, मागे ढकलत घेतलेला काप आणि मोकळे सोडलेले आवरण, हे सगळे त्या घडणीचे भाग आहेत. चौकटीचा कोपरा फट न राहता जुळला आणि तो जुळवणाऱ्याची दहाही बोटे संध्याकाळी घरी गेली, तर हा इतिहास वाचल्याचे सार्थक झाले. थ्रेड समाप्त. ज्याच्या घरी काम चालू आहे त्याला जरूर पाठवा.